खुणेला खूण

घाटाच्या पायथ्याशी एका गावात केरबा नावाचा मिस्त्री राहायचा. गाव तसं झोपाळूच. सकाळी डोंगरावरून उतरलेलं धुकं दुपारपर्यंत रस्त्यावर लोळत पडायचं, आणि त्या धुक्यात केरबाच्या गॅरेजातली ठोकठोक तेवढी जागी असायची.

केरबाने इंजिन खोलून पुन्हा बांधलं की गाडी पहिल्या किकला सुरू होणार, अशी त्याची ख्याती होती. ती किक बघायला समोरच्या टपरीवरची माणसं हातातला चहा घेऊन उठून यायची. गाडी सुरू झाली की टाळ्या पडायच्या. केरबा वरवर "चालायचंच" म्हणायचा आणि आतून गुळासारखा विरघळायचा. माणूसच तो!

त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी एक रीत घालून दिली होती. इंजिनात खाली पिस्टन पळतो. वर कॅम नावाचा दांडा फिरतो आणि दोन व्हॉल्व्ह, म्हणजे आत-बाहेर वाट देणाऱ्या झडपा, उघडतो, मिटतो. पिस्टन आणि कॅम यांची गाठ बांधते ती टायमिंगची बारीक साखळी. पिस्टन पार वर आला की साखळीच्या खालच्या चक्राची रेघ आणि वरच्या चक्राची खूण आपापल्या खाचेसमोर यायला हवी. साखळी एक दात जरी सरकली, तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. गाडी सुरू होते, पण चढावर दम टाकते. म्हणून उस्ताद सांगायचे, "साखळी ताणली की इंजिन हाताने सावकाश फिरवायचं, खुणा पुन्हा बघायच्या आणि मगच झाकण लावायचं."

एकदा आरोग्य केंद्रातल्या मंदाकिनी सिस्टरची गाडी त्याच्याकडे बांधणीला आली. त्या दिवशी सिस्टरना घाटावरच्या धनगरवाड्यात लहान मुलांना लस टोचायला जायचं होतं. लस बर्फाच्या पेटीत. वाटेत गाडी अडली तर बर्फ पाघळणार, लस वाया जाणार आणि तान्ही पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायका तशाच परत जाणार.

केरबाने खुणा जुळवल्या आणि साखळी ताणली. ताणताना बोटाखाली काहीतरी हललं. अगदी बारीक. एवढ्यात टपरीवाल्या बाळकूने केरबाला हाक दिली, "नाना, उरका की! च्या निवाय लागला!" माणसं जमलीच होती. इंजिन फिरवायला उचललेला पाना केरबाने खाली ठेवला आणि झाकण लावून टाकलं. नेहमीचंच तर काम, आजवर कधी चुकलंय?

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. टाळ्या पडल्या. "आलेच पेटी घेऊन," म्हणत सिस्टर केंद्राकडे गेल्या.

गाडी गॅरेजासमोरच्या करंजाच्या झाडाखाली हळू आवाजात चालत राहिली. केरबा खोडाला टेकला. धुकं अंगावर आलं आणि त्याचा डोळा लागला.

स्वप्नात तो एका मांडवात उभा होता. मांडव म्हणजे इंजिनच होतं. भिंती गरम होत्या, तेलाचा मंद वास येत होता आणि साखळीची वरात गोल गोल फिरत होती. कॅम भटजी होऊन मंगलाष्टकं म्हणत होता. अंतरपाटाच्या दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह मुंडावळ्या बांधून उभे होते. सगळं कसं छान चाललं होतं. पण "सावधान" म्हणायच्या आधीच अंतरपाट खाली आला. अर्ध्या अक्षता आधी पडल्या, अर्ध्या नंतर. वाजंत्री गोंधळली. नवरानवरी एकमेकांकडे बघेनात, दोघंही केरबाकडेच बघू लागली. भटजींनी मान वळवून हळूच विचारलं, "मिस्त्री, घाई कुणाला होती हो?"

केरबा दचकून जागा झाला. इंजिन चालूच होतं. पण आता त्याच्या कानाला त्यात मागे पडणाऱ्या अक्षता ऐकू येत होत्या.

तेवढ्यात सिस्टर पेटी घेऊन आल्या. टपरीवरची माणसं बघत होती. गप्प बसला असता तर कुणालाही कळलं नसतं. घाटात गाडी अडली असती, तर लोकांनी घाटालाच बोल लावला असता.

केरबाने गाडी बंद केली. "सिस्टर, पेटी सावलीत ठेवा. मला इंजिन पुन्हा खोलायचंय. खुणा बघायच्या ऱ्हायल्या माझ्याकडनं."

"आता? अहो नाना, बर्फ पाघळतोय!"

"हितं थोडा पाघळंल. घाटात गाडी अडली तर समदाच पाघळंल."

सिस्टरनी पेटी सावलीत ठेवली आणि तिच्यावर ओलं पोतं टाकलं.

तापलेल्या इंजिनाचे चटके सोसत केरबाने झाकण उघडलं. साखळी एक दात सरकली होती. त्याने ती नीट बसवली, ताणली आणि इंजिन हाताने सावकाश फिरवलं. वरची खूण खाचेसमोर आली, खालची रेघही आली. मग त्याने झाकण लावलं.

किक मारली, गाडी गप्प. पुन्हा मारली, तरी गप्प. बाळकू हसला, "काय नाना, म्हातारं झालासा जणू!" सगळे हसले. तेव्हा केरबाच्या ध्यानात आलं, इंजिन खोलताना बंद केलेला टाकीखालचा पेट्रोलचा कॉक तसाच राहिला होता. तो उघडला आणि तिसऱ्या किकला गाडी बोलू लागली.

"वर पोचले की हॉर्न वाजवते," म्हणून सिस्टर निघाल्या. गाडी धुक्यात दिसेनाशी झाली. केरबा रस्त्यातच कान देऊन उभा राहिला. पहिलं वळण गेलं, खिंडीखालचा उभा चढ आला. आवाज कुठेच अडखळला नाही. बारीक होत होत तो धुक्यात विरला आणि बऱ्याच वेळाने अगदी वरून हॉर्न वाजला.

केरबाचे डोळे भरून आले. या वेळी कुणीच टाळी वाजवली नव्हती, आणि त्याला टाळीची आठवणही झाली नाही.

तात्पर्य: जी चूक फक्त आपल्यालाच ठाऊक असते, ती चारचौघांत हसं झालं तरी वेळेवर उघडून सुधारावी. टाळी पायथ्याशी मिळते, पण कामाची पारख चढावर होते.