सपाट छतावरचा घुमट

“मला काय दिलंत तुम्ही, बुवा? इतक्या वर्षांत मला नेमकं काय दिलंत, तेवढं तरी सांगा.”

दत्तूबुवा माणगावकर पावाला लोणी लावत होते. ते लावतच राहिले.

“लोणी बरं आहे इथलं,” ते म्हणाले.

आता ह्याला काय म्हणायचं! समोर सदानंद नाबर, बुवांचा सगळ्यात जुना शिष्य, लालबुंद होऊन बसलेला. आणि ह्यांचं आपलं लोणी.

झालं होतं असं. युरोपातल्या एका जुन्या गावात बुवांचं गाणं ठरलं होतं, तेही तिथल्या फार जुन्या, नावाजलेल्या चर्चमध्ये. बुवांचं वय झालेलं. पुन्हा इतक्या लांब येणं व्हायचं नाही, हे सगळ्यांना कळत होतं. त्यांच्या आधी एक शिष्य एकट्याने गाणार होता. तो कोण, ह्याची चर्चा पुण्यापासून चालली होती. म्हणजे चर्चा बाकीचे करत होते. सदाला खात्रीच होती.

आणि सकाळी न्याहारीला बसता बसता बुवा म्हणाले होते, “सुरुवात यामिनी करेल. सदा, तू तिच्यामागे तानपुरा धर.”

यामिनी गावंडे! अकोल्याहून परवा आलेली पोर! बरं, परवा नव्हे, चार वर्षं झाली असतील. पण सदाच्या हिशेबी ते परवाच.

त्याच्या पोटात जी आग पेटली, ती काही लोण्याने विझणारी नव्हती.

“बुवा, मी विचारतोय काहीतरी.”

“ऐकलं की.”

…

बुवांनी पाव संपवला, तोंड पुसलं आणि काठी घेऊन खोलीत निघून गेले.

सदा जिन्याकडे वळला, तर यामिनी खाली येत होती. केस अजून ओले, हातात गरम पाण्याचा थर्मास. सुरुवात तिची, हे बुवांनी तिला आधीच सांगितलेलं दिसत होतं.

“सदादादा, तुम्ही पहाटेच चर्च पाहून आलात म्हणे?”

“आलो.”

“कसं आहे? आवाज कसा लागतो? मला तर बाप्पा धडकीच भरली आहे.”

तो खरंच जाऊन आला होता. आपणच गाणार ह्या भरवशावर, सगळे झोपेत असताना. गुळगुळीत दगडांचे बोळ तुडवत गेला होता. दार उघडायला आलेल्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला आत घेतलं, आणि त्याने हळूच एक तान सोडून पाहिली. तान भिंतींवर आपटून परत आली, पुढच्या सुरांत मिसळली, आणि सगळ्याचा नुसता काला झाला. मग त्याने एकच सूर लावला आणि थांबला. तो सूर वर गेला, फिरला, आणि विरता विरता असा काही गोड झाला की सदाच्या अंगावर काटा आला. म्हणजे इथे गायचं ते सावकाश. एक सूर पुरता विझू द्यायचा, मग दुसरा. ताना मारल्या की संपलं.

हे तिला एका वाक्यात सांगता आलं असतं.

“उत्तम लागतो,” सदा म्हणाला. “विलंबित थोडकं घे आणि लवकर द्रुतावर ये. ताना तर बिनधास्त सोड. इथल्या लोकांना तेच आवडतं.”

“खरंच?”

“मी म्हणतोय ना.”

“किती जीव लावता हो तुम्ही,” ती म्हणाली, आणि खाली गेली.

सदाच्या छातीत बारीकसं काहीतरी टोचलं. पण आग टोचण्यापेक्षा मोठी होती. पडू दे तोंडावर, तो मनात म्हणाला. भर चर्चमध्ये पडू दे. मग बुवांना कळेल कोणाला पुढे बसवायला हवं होतं.

दुपारी तिघं चर्चला गेले. तबल्याचे गुळवे प्रवासाने शिणून हॉटेलात घोरत होते. त्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं आणि त्या मेणबत्त्या लावायला गेल्या.

आत काय थाट! पिळाचे खांब, सोन्याच्या वेली, ढगांतून पाय सोडून बसलेली गुबगुबीत पंखवाली पोरं. सोन्याचं काम इतकं की कुठे पाहावं ते कळेना. मधोमध एक मोठा संत, हात पसरून उभा. मागे सावलीत दोन धाकटे संत. सदाची नजर आधी त्या मागच्यांवरच गेली. ह्यांना कोण विचारतं, असं त्याला वाटलं.

यामिनीने वर पाहिलं.

“माय वं! केवढा हा घुमट!”

वर खरोखर घुमट होता. कमानींवर कमानी, खिडक्यांतून उजेड, आणि पार टोकाला एक कबुतर.

बुवांना एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने अंधुक. त्यांनी वर पाहिलंच नाही. काठी यामिनीच्या हातात दिली, आणि एकदाच टाळी वाजवली.

टाळी गेली… फिरली… रेंगाळली… विझली.

“इथे घुमट नाही,” बुवा म्हणाले.

“आहे की, बुवा! मी बघतेय ना!”

“तू बघ. मी ऐकतोय. नाही.”

सदाला गप्प राहता येईना.

“चित्र आहे,” तो म्हणाला. “छत सपाट आहे, त्यावर रंगवलाय. शेजारी दुसऱ्या साधूंचा मठ होता. आमच्यापेक्षा उंच घुमट होऊ देणार नाही, म्हणून ते अडून बसले. मग ह्यांनी चितारी बोलावला. सकाळी त्या बाईंनी सांगितलं.”

“अस्सं,” बुवा हसले. “साधूसुद्धा जळतात म्हणायचे.”

सदा हसला नाही.

“सकाळी आवाज लावून पाहिलास?”

“…पाहिला.”

“मग हिला सांगितलंस?”

यामिनीच चटकन बोलली, “सांगितलं की! सदादादा म्हणाले, ताना बिनधास्त सोड, फार छान लागतात इथे.”

बुवांनी फक्त मान हलवली.

“सोड मग एक.”

तिने पूरिया रागातली एक तान घेतली. चांगली स्वच्छ तान होती, दाणा न् दाणा वेगळा. पण चर्चने ती गिळली, घोळवली, आणि गदळ करून परत तिच्याच तोंडावर टाकली. ती मध्येच थांबली. तिची तान मात्र थांबेना, वर गुरगुरतच राहिली.

“हे काय झालं?” ती म्हणाली. मग तिने सदाकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ती रागावली नाही. तिचा चेहरा नुसता उतरला, आणि ते सदाला रागापेक्षा जड गेलं.

…

“सदा, घुमट कुठून नीट दिसतो रे?”

“तिथून.” जमिनीत एक पिवळ्या दगडाची चकती बसवलेली होती. एका माणसाचे पाय मावतील एवढी.

“उभा राहा.”

तो राहिला.

“दिसतो?”

“दिसतो.”

“पुरता?”

“पुरता.”

“आता हिला उभी राहू दे.”

सदा हलेना. खुळ्यासारखी गोष्ट, पण त्या चकतीवरून त्याचा पाय निघेना. शेवटी तो बाजूला झाला. यामिनी खाली मान घालून तिथे उभी राहिली. बुवांनी सांगितलं म्हणून तिने वर पाहिलं.

“आणि तुला आता काय दिसतं?” बुवांनी सदाला विचारलं.

सदाने पाहिलं. खांब तिरपे झाले होते, खिडक्या एकीकडे कलल्या होत्या.

“कोसळल्यासारखा दिसतो.”

“पडला का?”

“…नाही.”

मग मात्र सदाचा बांध फुटला.

“हो, नाही सांगितलं मी हिला! मुद्दाम नाही सांगितलं! जळतो मी, बुवा, ही आली त्या दिवसापासून जळतो. तिच्या आधी तो कुडाळचा आला होता, त्याच्यावरही जळलो. तुम्ही दुसऱ्या कोणाला ‘वा’ म्हणालात की मला जेवण जात नाही. मी तुमच्या मागे बसून म्हातारा व्हायला आलो! मैफिलीत मला तुमचं तोंड कधी दिसलं नाही. नुसती पाठ बघत आलो. तुमच्या कोटाची शिवण मला पाठ आहे. आणि तो वरचा सा… तो कोण लावतं, बुवा? तुमचा लागत नाही आता. तुम्ही नुसता हात वर नेता, आणि सूर मागून मी लावतो. लोकांना कळत नाही. टाळ्या तुम्हाला पडतात! मला काय दिलंत तुम्ही?”

‘काय दिलंत’ वर गेलं, फिरलं, आणि बराच वेळ खाली येईना.

यामिनीने तोंडावर हात ठेवला होता. हे आजवर कोणी बोललं नव्हतं. जे मागे बसायचे त्यांना सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी पोटात ठेवलं होतं.

संपलं, त्याला वाटलं. आता हे म्हणतील, जा.

बुवांनी यामिनीकडून काठी घेतली आणि ते जवळच्या बाकावर बसले. गुडघे चोळले.

“खरं आहे,” ते म्हणाले. “नाही लागत आता.”

…

“सदा.”

“जी.”

“आज सुरुवात तू कर.”

सदाला वाटलं, चर्चने पुन्हा काही कालवून ऐकवलं.

“मी?”

“तू. यामिनी, चालेल ना ग?”

“चालेल, बुवा,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

“ती तुझ्यामागे तानपुरा धरेल, सूरही देईल. सकाळपासून घसा धरलाय तुझा, रागाने. वरचा सा काही आज तुझा लागायचा नाही. तो तीच लावेल. बस, पाहू दे एकदा.”

वेदीसमोर लाकडी चौथरा मांडून त्यावर गालिचा घातला होता. सदा पुढे जाऊन बसला. ह्याच जागेसाठी त्याने इतकी वर्षं काढली होती. यामिनी त्याच्यामागे बसली. तिने तानपुरा खांद्याला टेकवला, तारांखालचे जवारीचे दोरे सरकवून झंकार मोकळा केला, आणि तारा छेडल्या. चर्च सुराने भरायला लागलं.

सदाने डोळे मिटले. तोंड उघडलं.

सूर आला नाही.

त्याने खाकरून घसा साफ केला, पुन्हा तोंड उघडलं. मानेखाली काहीतरी वळवळल्यासारखं झालं. त्याने मागे वळून पाहिलं. यामिनी तारा छेडत होती, नजर खाली.

तो पुन्हा पुढे वळला. आता ती काय करत असेल? सकाळी आपण तिच्याशी असे वागलो. आपण वर चढलो, हात वर नेला, आणि नेमक्या त्या क्षणी तिने सूर दिलाच नाही तर? भरल्या चर्चमध्ये हात वर आणि तोंडात वारा! तिला काय, नुसतं गप्प बसायचं. कोणाला कळणारसुद्धा नाही.

त्याने परत मागे पाहिलं.

“काय झालं?” बाकावरून बुवांनी विचारलं.

“काही नाही.”

तारा वाजत होत्या. सदाने श्वास घेतला आणि अर्ध्यावरच सोडला. तिसऱ्यांदा त्याची मान वळली.

“सदा, समोर बघ.”

“बुवा… मला ती दिसत नाही.”

“मागे बसलेला दिसत नसतोच.”

“तसं नव्हे. मी सकाळी… तिने ऐन वेळी सूर सोडला तर?” त्याचा आवाज चिरकला. “भीती वाटते, बुवा. पाठ उघडी पडल्यासारखं वाटतं.”

तानपुरा थांबला. यामिनीने तारांवर हात ठेवला होता.

मेणबत्त्या लावणाऱ्या बाईसुद्धा थबकल्या.

बुवा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. त्यांचा अंधुक डोळा सदाच्या दिशेने होता.

“काय दिलं, विचारत होतास ना? मी इतकी वर्षं तुझ्याकडे पाठ करूनच गायलो, सदा.”