घाटातल्या सात घंटा

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक आई राहायची आणि तिची झोप पार उडाली होती. कारण काय, तर तिची लेक विद्यापीठाची पदवी घेऊन घरी आली होती.

लेक शिकून आली की लोक पेढे वाटतात. या आईनंही वाटले. पण पेढा तोंडात टाकता टाकता जो तो विचारी, "वैनी, लेक शिकली तरी काय नेमकं?" आणि आई पेढ्यांचं ताट पुढं सरकवी. तिला स्वतःलाच ते धड सांगता येत नव्हतं.

नदीपल्याडच्या त्या विद्यापीठात पुष्कळ चौक होते. एकात धातूचं ओतकाम शिकवत, एकात सूर, एकात वारा-पाऊस. ज्यानं त्यानं आपल्या चौकात बसावं, अशी रीत. ही मुलगी तीन चौकांत बसली. गुरुजींनी डोकं खाजवलं आणि शेवटी तिघांनी मिळून तिला एकच पदवी दिली.

गावचा ओतारी म्हणाला, "ओतकाम शिकलीस ना? मग समई ओतून दाखव बघू."

"समई नाही येत, काका. घंटा येते."

गवई म्हणाले, "मग एखादी चीज तरी म्हण."

"गळा नाही हो मला. पण कुठला सूर धुक्यात किती लांब जाईल, ते सांगते."

शेजारीण पदराआड हसली. "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

मनात आईही तेच म्हणत होती.

ओतारी मात्र भला माणूस. तो आईला म्हणाला, "पाठव तिला माझ्या भट्टीवर, घंटा घासायला. जन्मभराच्या भाकरीची सोय होईल. पण महिन्याभरात कळव, दुसरीही एक पोर विचारतेय."

आईला हायसं वाटलं. लेकीला नाही. तिनं घरोघर फिरून फुटकी पितळी भांडी मागून आणली. (आईला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.) त्यातून तिनं सात घंटा ओतल्या, प्रत्येक मागचीपेक्षा चढ्या सुराची. लोलकाला ताडाचं पान बांधलं आणि घाटाच्या सात वळणांवर एकेक टांगली. वारा आला की पान हले, आणि पान हललं की घंटा वाजे.

तो घाट हिवाळ्यात भयंकर होता. धुकं असं दाटायचं की आपला हात आपल्याला दिसू नये, आणि वाटेच्या डाव्या अंगाला सरळ दरी.

घंटा टांगल्याच्या दुसऱ्याच दिवशी मिठाच्या तांड्याचा नाईक गावात आला. धुक्यात या घंटांच्या सुरांवरून वाट सापडेल, हे मुलीचं म्हणणं त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गेल्या हिवाळ्यात माझे दोन बैल आणि एक माणूस या दरीत गेला. तुझ्या घंटा खऱ्या ठरल्या, तर दर बैलामागं पायली मीठ देईन, आणि पुढच्या दोन घाटांचं कामही तुलाच. पण आधी कुणीतरी धुक्यात चालून दाखवायला हवं."

"मी चालते."

"तू वाट ओळखतेस, पोरी. जो कधी घाट चढलाच नाही, त्याला चालव."

साऱ्या गावानं आईकडे पाहिलं. घाट न चढलेलं माणूस गावात एकच होतं. तिचं धाडस परसातल्या विहिरीपर्यंत.

"मी?" आई म्हणाली. "अहो, मी तर जिनासुद्धा कठडा धरून उतरते!"

लेक नुसती आईकडे बघत राहिली. तेच वाईट. शेवटी आईनं पदर खोचला.

सकाळी धुकं उतरायच्या आत नाईक आणि मुलगी माथ्यावर जाऊन बसले. जाताना लेकीनं बजावलं, "आई, पुढचा सूर चढा असला की वाट बरोबर. वारा पडला तर मात्र पाऊल उचलायचं नाही. उभं राहायचं."

आई निघाली. एका हातानं उजवीकडचा कातळ चाचपत, तोंडानं देवाचं नाव घेत. पहिली घंटा, दुसरी, तिसरी. प्रत्येक सूर जरासा वर. चौथी मागं पडली आणि वारा पडला.

काही म्हणजे काही ऐकू येईना. कातळ संपला होता. पायाखालचा एक खडा घरंगळला आणि खाली पडल्याचा आवाजच आला नाही.

आईच्या घशाशी हाक आली. एकदा ओरडलं की झालं. लेक धावत येईल, हात धरून घरी नेईल. नाईक निघून जाईल, आणि लेक उद्यापासून भट्टीवर घंटा घाशील. भाकरीची चिंता मिटेल. आईला हेच तर हवं होतं!

तिनं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

आणि उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पाऊल उचललं नाही. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. मग गालाला गार झुळूक लागली आणि उजव्या हाताला, वरच्या अंगाला, पाचवी घंटा वाजली. चौथीहून चढी.

माथ्यावर पोचली तेव्हा पदराचा बोळा आईच्या तोंडात तसाच होता. नाईकानं पागोटं सावरलं, मुलीला म्हणाला, "तांडा उद्या चढेल," आणि पुढची वाट बघायला पलीकडच्या अंगाला उतरला.

"चौथीच्या पुढं माझा जीवच गेला होता गं," आई लेकीच्या गळ्यात पडून म्हणाली.

तात्पर्य: तीन विद्या मिळून जे नवं काम उभं राहतं, त्याला नाव मागाहून मिळतं, आधी लागतं ते भीत भीत का होईना, त्याच्या भरवशावर चालणारं एक माणूस.

लेकीनं आईचे डोळे पुसले, आणि म्हणाली, "नेमकी कुठल्या दगडापाशी घाबरलीस? चल, दाखव मला. तिथं आणखी एक घंटा लागणार."