खाडीतला बांध

खाडीच्या मुखाशी एकदा एक वृद्ध तांडेल राहत असे. होडी समुद्रात नेण्याचे वय सरले, तसा तो ओहोटीच्या वेळी काठावर येऊन बसू लागला आणि चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढण्याची विद्या इतरांना शिकवू लागला. पायाच्या अंगठ्याने शिंपली कशी चाचपावी, कोणती टोपलीत घ्यावी आणि कोणती थोराड शिंपली बी सोडण्यासाठी तशीच राहू द्यावी, हे त्याच्याकडूनच शिकावे. वेणू आणि गोमती या दोन शेजारणी त्याच्या हाताखाली एकाच वर्षी तयार झाल्या. खुंट ठोकून त्याने दोघींना लागूनच दोन सारखे वाटे आखून दिले.

पुढे गोमतीची टोपली काठोकाठ भरू लागली आणि वेणूची जेमतेम अर्धी. विद्या एक, खाडी एक, कष्ट सारखे. वेणू आधी गोमतीच्या टोपलीत पाही आणि मग आपल्या. गोमतीची मुलगी शाळेतून परतताना काठावरून आईला हाक मारी. तिच्याच वयाची वेणूची मुलगी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. ती हाक आली की वेणू खाली वाकून चिखल उगाच उपसत राही.

एकदा ओहोटीचे पाणी आपल्या वाट्यावरून गोमतीकडे वाहताना वेणूने पाहिले. तिला वाटले, चोर सापडला. आपल्या तिसऱ्यांचे बी हेच पाणी तिकडे नेते! त्या दिवसापासून ती दोन वाट्यांच्या मध्ये दगड रचू लागली.

गोमती हसून म्हणाली, "काय गो वेणू, घरच्या पडवीची भिंत अर्धी सोडलीस आणि खाडीत बांधकाम काढलंस?"

"माझं माझ्याकडे राहू दे, एवढंच," वेणू म्हणाली. त्यानंतर दोघींचे बोलणे थांबले.

काही महिन्यांत वेणूच्या टोपलीचा तळही झाकेना. ती तांडेलाकडे आली. "बाबा, खरं सांगा. तिला तुम्ही काहीतरी वेगळं शिकवलंत."

तांडेल तिच्यासोबत चिखलात उतरला. तिच्या टोपलीतल्या मूठभर तिसऱ्यांतून सर्वांत थोराड त्याने निवडून घेतल्या, बांध ओलांडला आणि गोमतीच्या वाट्यात एकेक करून रोवल्या.

"बाबा! होतं नव्हतं तेही तिलाच?" वेणूच्या डोळ्यांत पाणी आले.

"हात घाल इथे," तांडेल तिच्या वाट्याकडे बोट दाखवून म्हणाला. तिने हात घातला. कोपरापर्यंत मऊ, काळा गाळ लागला. बोटांत आल्या त्या उघड्या, रिकाम्या शिंपल्या.

"पाणी अडलं की गाळ बसतो, पोरी. गाळात तिसरी गुदमरते. तुझ्या या चार जगाव्यात म्हणून वाहत्या पाण्यात ठेवल्या. ते वाहतं पाणी आता तिच्याकडेच उरलंय, त्याला मी काय करू?"

"पण त्यांचं बी तिचंच होणार ना?"

"कोणत्याही तिसरीचं बी तिच्या पायाशी राहत नाही. ती ते पाण्यात सोडते. भरती-ओहोटीबरोबर ते कितीतरी दिवस हिंडतं आणि जिथे जागा मिळेल तिथे बसतं. यंदा गोमतीकडे बसलं. ते तुझ्या शिंपल्यांचं होतं की वरच्या वाडीतलं, ते मला ठाऊक नाही. तिलाही नाही. पुढच्या वेळी तुझ्याकडे येईल, पण यायला वाट तर हवी. दोघींना मी एकच शिकवलं. पाणी वाटून देणं मला कधी जमलं नाही."

एवढे बोलून तो काठावर जाऊन बसला.

वेणूने वाकून बांधाचा पहिला दगड उचलला. त्याच्या आतल्या बाजूला गाळाचा थर होता. बाहेरच्या, वाहत्या पाण्याच्या बाजूला मात्र धारदार शिंपल्यांची, नखाएवढी कालवं घट्ट चिकटून बसली होती. तिने मत्सराने रचलेल्या दगडावरही खाडीने कुणाची तरी पिल्लं आणून ठेवली होती. तिने तो दगड फेकला नाही. मधल्या धारेत, जिथे कुणाचाच वाटा नव्हता, तिथे नेऊन अलगद ठेवला.

परत वळली तेव्हा गोमती आपल्या वाट्यातून येऊन दुसऱ्या दगडाला हात घालत होती.

"बोटं जप," वेणू म्हणाली. "कालवं कापतात."

दोघी दगड उचलत राहिल्या. काठावरून नेहमीची हाक आली. या वेळी वेणू खाली वाकली नाही. हाकेच्या दिशेने तिने मान वर करून पाहिले, आणि म्हणाली, "गोमती, पोर बोलावतेय तुझी. तू हो पुढे. टोपली मी आणते."