बाभळीवरची अर्धी घरटी

त्या राज्यात दाणा शेतातून यायचा, पाणी विहिरीतून यायचं, आणि बाकीचं सगळं आपोआप येतं अशी समजूत होती.

समजूत चुकीची होती, पण तिच्याइतकीच जुनी एक रीतही होती, म्हणून कुणाचं काही बिघडत नसे. सुगी आटोपली की प्रत्येक घरानं चोचभर दाणा वडाच्या ढोलीत टाकायचा. मुंग्या एकेकच टाकीत, आणि तोही कुरकुरत. त्याला पसा म्हणत. राज्यात जे कुणी गात, नाचत किंवा विणत, त्यांनी आपल्या कामाच्या दिवसांत हा पसा खायचा. पोटासाठी दिवसभर हिंडणारा विणणार कधी, एवढं जुन्या लोकांना कळत होतं. जुने लोक फारसे शिकलेले नव्हते, हे त्याचं कारण असावं.

ढोलीच्या तोंडाशी म्हातारा पिंगळा बसे. येणाऱ्याला तो एकच विचारी, "विणलंस का रे आज?" हो म्हटलं की तो बाजूला सरके. काही लबाडही हो म्हणून जेवून जात. कुणी चहाडी केली तर पिंगळा म्हणे, "दोन लबाड जेवतात म्हणून दहा खरे उपाशी ठेवू होय?" आणि डोळे मिटून घेई. त्याला झोपाळू समजणारे शहाणे राज्यात पुष्कळ होते.

विहिरीवर एक बाभूळ होती. पाण्यावर झुकलेल्या तिच्या फांद्यांना सुगरण पक्षी घरटी टांगत. विणायचं नरानं आणि नाव मात्र बाईचं. उलटं तर जगात रोजच चालतं, एकदा सुलटं होऊ द्या. त्यांची पद्धत अशी होती की नरानं घरटं निम्मंच विणायचं, उलटी टोपी टांगावी तसं. मग पंख फडफडवून माद्यांना बोलवायचं. त्या येत, लोंबकळून झोके घेत, गाठी ओढून बघत. पसंत पडलं तर उरलेलं निम्मं पुरं करायचं. नाही पडलं तर ते तसंच सोडून शेजारी दुसरं धरायचं.

या पाहणीच्या दिवशी अख्खं राज्य बाभळीखाली लोटे. बेडूक पहाटेपासून विहिरीची पायरी अडवून बसत, सशिणी पोरांना घेऊन येत. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सरडे आणि चिमण्या त्या दिवशी एका सावलीत बसत. वरून माद्यांची बोलणी ऐकू येत आणि खाली हसून हसून पोटं दुखत.

सगळ्यांत जास्त हसू गोंदाच्या वेळी. गोंदा हा म्हातारपणाकडे झुकलेला सुगरण. जन्मात त्याचं एकही घरटं पसंत पडलं नव्हतं. दरसाल तो सात-आठ अर्धी घरटी टांगी.

"गोंदा, हे घर आहे का गाळणं?" चंदाआत्या विचारी. ती माद्यांत वडील, आणि तिच्या जिभेला काटा बाभळीचाच.

"आत्या, जरा आत तरी ये!"

"आत आले तर बाहेर कुठून पडायचं ते आधी सांग. चारी बाजूंनी दारंच दारं!"

खाली बेडूक पायरीवरून पाण्यात पडत. गोंदाही हसे, नवं हिरवं पातं चोचीत धरी आणि म्हणे, "पुढच्यात जमतंय बघ." मग वडाकडे जाई. पिंगळा विचारी, "विणलंस का रे?" गोंदा म्हणे, "विणलं, पण पसंत नाही पडलं." पिंगळा म्हणे, "पसंत पडलं का ते मी विचारलं नाही," आणि बाजूला सरके.

पिंगळा गेला. त्याच्या जागी बगळा आला. बगळा शिकलेला होता. एका पायावर उभं राहून विचार करी, त्यामुळे तो फार खोल विचार करतो असं सगळ्यांना वाटे. तळ्यातल्या माशांचं मत वेगळं होतं, पण त्यांना विचारतो कोण! सुगीनंतर त्यानं बाभळीखाली सभा भरवली आणि चोच वर केली.

"ही लोंबतायत ती काय आहेत?"

"गोंदाची अर्धी घरटी," बेडूक म्हणाला.

"अर्धं म्हणजे न झालेलं. न झालेल्या कामाला पसा का?"

प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नापुढे भलेभले वाकडे होतात. तेवढ्यात सभेला उशिरा पोचलेली मुनियांची ठकूबाई शेवटचा प्रश्न तेवढा ऐकून पुढे आली. पाहणी उरकून सुगरण पांगले, की मग हे इवले पक्षी डोंगराकडून उतरत. ठकूबाई ठणकावून म्हणाली, "खरंय रावसाहेबांचं. आमच्या पोरांच्या तोंडचा दाणा काढून द्यायचा, आणि कुणी काम अर्धं टाकायचं! आम्ही कुणाच्या आधारावर जगतो का?"

टाळ्या पडल्या. नियम झाला: पुरं घरटं दाखवील त्यालाच पसा. आणि घरटी टांगायची तळ्याकाठी, म्हणजे पाहुण्यांनाही दिसतील.

पुढच्या मोसमात तरुण सुगरणांनी माद्यांना न विचारताच पुरी घरटी विणली. तळ्याकाठी ती एका रांगेत टांगली गेली, सगळी एका मापाची. बगळा येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवी. माद्या दुरून बघत आणि निघून जात. "आम्हाला विचारलं कुणी?" त्या म्हणत.

गोंदा मात्र बाभळीवरच राहिला. पसा नव्हता, म्हणून सकाळभर शेतात चरायचं आणि उरलेल्या वेळात विणायचं. सात-आठ घरटी कुठली, एकच निम्मं विणून झालं. ते विणताना त्याला हसणारं खाली कुणी नव्हतं. पंख फडफडवले तेव्हा एकटी चंदाआत्या आली. तिनं झोका घेतला. गाठी ओढल्या. पुन्हा ओढल्या.

"आत्या, शिवी तरी दे."

"कसली शिवी देऊ, मेल्या? दार एकच ठेवलंयस." तिनं आणखी एक झोका घेतला. "पुरं कर. माझ्या लेकीसाठी हवंय. पण आठ दिवसांत. अंडी थांबत नसतात."

गोंदा वडाकडे असा उडाला की वाटेत दोनदा फांदीला आपटला.

"झालं का?" बगळ्यानं विचारलं.

"पसंत पडलं, रावसाहेब! जन्मात पहिल्यांदा! निम्मं राहिलंय. आठ दिवस पोटाला मिळालं तर दिवसभर विणीन."

"म्हणजे झालं नाही."

"पोट भरलं तर होईल."

"झालं की ये," बगळा म्हणाला, आणि त्यानं पाय बदलला.

गोंदा शेतात चरायला गेला. तो येईपर्यंत पाती वाळत, आणि वाळलेल्या पात्याला गाठ बसत नाही. नवी पाती आणायला निघावं तर अंधारून येई. चंदाआत्येच्या लेकीनं आठ दिवस वाट पाहिली, आणखी दोन दिवस भिडेखातर पाहिली. मग ती नदीपलीकडे गेली. चंदाआत्याही तिच्यामागून गेली. जाताना तिनं त्या निम्म्या घरट्याची एक गाठ ओढून पाहिली. सुटली नाही.

गोंदा दुसऱ्या दिवशी गेला. कुठे ते कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. एका वावटळीत ते घरटं विहिरीत पडलं. बेडकांनी त्याला दोन दिवस वळसे घातले.

मग नेहमीच्या वेळी मुनिया डोंगराकडून उतरल्या. पिसं, कापूस, मऊ गवताचे तुरे असं सगळं अंथरूण चोचीत घेऊन त्या थेट बाभळीवर आल्या. सात पिढ्या त्या इथेच येत होत्या, गोंदाच्या आणि त्याच्या आधीच्या गोंदांच्या टाकलेल्या घरट्यांत अंडी घालत होत्या. फांद्या रिकाम्या होत्या. ठकूबाईनं वरून पाहिलं, खालून पाहिलं, फांदीभोवती एक फेरी मारली.

"यंदा घरं धरलीच नाहीत की गं," तिची जाऊ म्हणाली. "शेंगा तर लागल्यात."

"धरतील," ठकूबाई म्हणाली. "झाडाला पाणी कमी पडलं असेल."

तिनं चोचीतलं पीस काट्याला नीट अडकवून ठेवलं, विहिरीत उतरून चोच भरली, आणि ते थेंबभर पाणी आणून बाभळीच्या मुळाशी सोडलं. तिच्यामागं जाऊ गेली. जावेमागं बाकीच्या. दिवस मावळेपर्यंत मुनियांची रांग विहिरीतून बाभळीकडे आणि बाभळीकडून विहिरीत जात राहिली. मधूनच एखादी थांबे, मान वर करी, आणि घरं लागायला सुरुवात झाली का ते बघे.