खराट्याच्या काड्या

“…पण मग माझं चुकलं कुठे, गुरुजी?”

विचारणारे रमाकांत डोळस, डोंगरपट्ट्यातल्या शाळांचे केंद्रप्रमुख. वर्गात मागे बसून शिक्षकांचं शिकवणं पाहायचं आणि ते सुधारायचं, हे त्यांचं काम. हे काम आपल्याइतकं कुणालाच जमत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ते शाळेत शिरले की गप्पा थांबत. दुपारचा डबा ते एकटेच खात.

नरसूगुरुजी त्यांचे लहानपणचे मास्तर. बायको गेल्यापासून गावाबाहेर एकटेच राहत.

त्यांच्या घरी येऊन रमाकांतांनी सगळं सांगितलं. वरच्या पाड्यावरच्या शाळेत रेवतीबाई एकट्याच शिक्षिका. दर भेटीत आपण बाईंना त्यांच्या चुका नीट दाखवून दिल्या. आता बाई नोकरी सोडायला निघाल्यात. उद्या त्यांना थांबवता आलं नाही, तर शाळेला कुलूप लागेल.

गुरुजींनी ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “शेवटच्या भेटीत बाई काय शिकवत होत्या?”

“वजाबाकी.”

“मला शिकव.”

रमाकांत हसले. गुरुजी मात्र भुईवर मांडी घालून बसलेसुद्धा.

आता काय करणार? रमाकांत उभे राहिले. बत्तीसमधून पंधरा घालवायचे होते.

“दोनातून पाच कसे जातील?” गुरुजींनी विचारलं.

“शेजारच्या घरातून दहा आणायचे.”

“माझ्या शेजारी कुणी राहत नाही रे.”

रमाकांत चिडले. पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. गुरुजी खरोखरच न कळल्यासारखे पाहत राहिले…

शेवटी रमाकांत अंगणात गेले. खराट्याच्या काड्या मोडून आणल्या, दहा-दहांच्या तीन जुड्या बांधल्या, दोन सुट्या ठेवल्या आणि गुरुजींच्या शेजारी खाली बसले. एक जुडी त्यांच्या हातात दिली.

गुरुजींनी ती सोडली. पंधरा काड्या वेगळ्या केल्या, उरलेल्या मोजल्या.

“सतरा,” ते म्हणाले. डोळे भरून आले होते.

रमाकांतांना फार बरं वाटलं. असं वाटून कितीतरी वर्षं झाली होती.

मग सवय आडवी आलीच.

“कसं शिकवलं मी, गुरुजी? काही चुकलं का?”

गुरुजी काड्या गोळा करत होते…

“मला काय ठाऊक? मी शिकत होतो.”