लागण

"मग ती बुरशी आली कुठून, ते कळलं की नाही तुला?"

तांबवेकरबाईंनी हे विचारलं, तेव्हा मी त्यांच्या दारात वाटी घेऊन उभी होते. आमचं विरजण नासलं होतं. दूध कोमट करून ओट्यावर ठेवलेलं. चमचाभर दही घ्यायचं आणि परत फिरायचं, एवढंच काम.

पण आत पाहुणा दिसला. मी बसले.

पाहुणा म्हणजे डॉक्टर यशोधन, बाईंचा जुना विद्यार्थी. बाईंनी जन्मभर कॉलेजात बुरशी शिकवली. हा आता मोठ्या प्रयोगशाळेत तीच बुरशी तपासतो. पेढे घेऊन आला होता. एक मी तोंडात टाकलासुद्धा.

"कळलं ना, मॅडम! एका हॉस्पिटलात, आयसीयूमध्ये, चार पेशंटांच्या रक्तात बुरशी सापडली. कुठल्याच औषधाला दाद देत नाही. मी चौघांच्या बुरशीची जनुकं वाचली. एकच कूळ! ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे... अख्खी वंशावळ मांडलीय."

"ह्याच्याकडून त्याच्याकडे नेली कुणी?"

"बीपीच्या पट्ट्यानं. एकच पट्टा सगळ्यांच्या दंडाला. त्यावरची बुरशीही त्याच कुळातली निघाली."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "पट्टा आता कुठाय?"

"वॉर्डात."

"वॉर्डात?"

"म्हणजे... हॉस्पिटलला अजून सांगितलं नाहीये. आधी संशोधनाचा पेपर छापून यायचाय. दुसरा एक गट याच्याच मागे लागलाय, मॅडम. बाहेर फुटलं तर ते आमच्या आधी छापतील."

दुसऱ्या पेढ्याकडे गेलेला हात मी मागे घेतला.

"त्या चौघांचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"दोघं गेले."

"आणि पट्टा आत्ता कुणाच्या दंडाला आहे?"

त्यानं पेढ्यांचा बॉक्स बाईंपुढे सरकवला.

"सांग की! बुरशीच्या खापरपणजीपर्यंत पोचलास, आणि एका जित्या माणसाचं नाव सांगता येईना?"

"आमच्याकडे नमुन्याचा नंबर येतो, मॅडम. नाव नसतं. आणि थोड्याच आठवड्यांचा तर प्रश्न..."

बाईंनी पेढ्यांचा बॉक्स असा ढकलला, की पेढे फरशीभर झाले. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"मालनताई, दूध आणा तुमचं."

मी धावतच गेले आणि धावतच आले. खरं सांगायचं तर ते पातेलं त्याच्या डोक्यावर ओतावं, असंच मला वाटत होतं.

बाईंनी दुधात चमचाभर विरजण घातलं. ढवळलं. झाकण ठेवलं आणि पातेलं यशोधनच्या मांडीवर दिलं.

"धर. तुझा पेपर छापून येईपर्यंत याचं दही लागता कामा नये."

तो हसला.

बाई हसल्या नाहीत.

...

"मॅडम, असं कसं होईल? विरजण घातलंय तुम्ही. आता लागायचं ते लागणारच की."

बोलला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याचा चेहरा उतरला.

...

"पण मी वर्षानुवर्षं राबलोय हो यावर..."

"मला नको सांगूस. याला सांग!" बाईंनी झाकणावर बोट आपटलं. "म्हणावं, साहेबांचं नाव छापून यायचंय, जरा दम धर."

मी पदराखाली तोंड लपवलं. हसायला नव्हे, रागानं दात आवळले होते म्हणून.

त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. मग एका हातानं पातेलं सावरत त्यानं फोन लावला.

"सिस्टर, बीपीचा तो पट्टा काढा. आत्ताच. हो, त्यातूनच पसरतंय... हो, माझ्याकडे पुरावा आहे. कुणाला लावलाय? ...बेड नंबर नको, सिस्टर. नाव सांगा."

...

"हौसाबाई," तो आम्हाला म्हणाला. "कालच दाखल झाल्यात."

"त्यांना तपासायला सांग."

त्यानं सांगितलं. बाकीच्यांनाही तपासा म्हणाला. फोन खाली ठेवला.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"आता सगळीकडे कळणार, मॅडम," तो हळूच म्हणाला. "उद्या दुसरं कुणी स्वतःच्या नावानं छापेल. मग यात माझं काय राहिलं?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"पातेलं त्यांना दे. दूध त्यांचं आहे. तू नुसतं धरून बसला होतास."