टायर लावलेले बूट

"आता तरी हे घसरणार नाहीत ना, चाचा?"

बाबालालचाचांनी बूट उलटा केला. जिमखान्यात ते चाळीस वर्षं टेनिसचे मार्कर होते. कुणाला जोडीदार नसला की समोर उभं राहून खेळवायचं, हे त्यांचं काम. बुटाच्या तळाला स्कूटरच्या टायरचे तुकडे चिकटवलेले होते.

"कुणाची अक्कल ही?"

"माझी," शाल्मली तोऱ्यात म्हणाली.

तोरा होता, पण भीतीही होती. मागच्या वर्षी याच लाल मुरमाच्या कोर्टवर पाय घसरून तिचा घोटा मोडला. तीन महिने प्लास्टर. तेव्हापासून लांबचा बॉल आला की दोन पावलं पळायची आणि सोडून द्यायची. आज चार वाजता फायनल. जिंकली तर राज्याच्या संघात. हरली तर संपलं, कारण पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं.

चाचांनी टायरवर अंगठा दाबला.

"नाही घसरणार."

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला.

"घाल आणि उभी राहा."

पहिलाच बॉल चाचांनी तिच्या उजवीकडे लांब टाकला. ती धावली, थांबायला पाय रोवला आणि... बूट जागच्या जागी चिकटला. बाकीची शाल्मली मात्र पुढे गेली. गुडघ्याला असा हिसडा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कुंपणाची जाळी हाताला लागली म्हणून वाचली.

"चिकटतोय हो हा," ती रडवेली झाली.

"तेच मागितलं होतंस की."

तिनं बूट काढले.

चाचांनी पायातल्या कोल्हापुरी काढून तिच्यापुढे ठेवल्या. मागून पट्टा शिवलेला, चामड्याचा तळ झिजून गुळगुळीत.

"चपला घालून टेनिस? लोक हसतील."

"अजून कोण आलंय?"

"आणि पडले तर? चार वाजता मॅच आहे माझी."

"ठाऊक आहे."

म्हाताऱ्याचं काय जातंय, असं तिच्या मनात आलं. पण विचारायला दुसरं होतं कोण? तिनं चपला घातल्या.

पहिला बॉल सोडला. दुसराही सोडला.

चाचांनी तिसराही तिथंच टाकला.

शाल्मलीला स्वतःचीच चीड आली. ती धावली. पाय टेकला आणि चप्पल सरकत गेली... सरकतच गेली. पण बॉल रॅकेटच्या टप्प्यात होता. तिनं तो मारला आणि कमरेवर आदळली.

बॉल पलीकडे रेषेच्या आत पडला. तिकडे कुणी पाहिलं नाही. दोघंही तिच्या घोट्याकडे बघत होते...

तिनं घोटा हलवून पाहिला. दुखला नाही.

"चाचा, चार वाजता अशीच घसरले तर?"

चाचा अनवाणी आले आणि तिच्याशेजारी उकिडवे बसले. मुरमात चपलेचा लांब ओरखडा उमटला होता. त्यांनी त्यावर वीत टेकवली. एक... दोन... तीन. मग ओरखडा जिथून सुरू होत होता, तिथं बोट ठेवलं.

"पळत आलीस ती इथवर. पुढच्या तीन विती, बॉलपर्यंत, तुला कुणी नेलं?"